‘संपर्क तुटला’ : मोटारीतील संदेशजाळ्याच्या दोषनिदानाचा भाषिक विचार

१

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ह्या शहराचा गेल्या चार दशकांतील औद्योगिक विस्तार बऱ्याच अंशी वाहन-उद्योगाच्या आश्रयाने झाला. वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००१ साली शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारींची जोडणी सुरू झाली. ह्या कारखान्यांच्या भोवती सुट्या भागांचे लहानमोठे उद्योग उभे राहिले आणि वाहन जोडणे, तपासणे व दुरुस्त करणे हा ह्या परिसरातील असंख्य मराठी भाषकांचा व्यवसाय झाला. ह्या व्यवसायाच्या भाषेकडे विद्यापीठीय अभ्यासकांनी पाहावयाचे ते केवळ परकीय शब्दांची यादी करण्यासाठी नव्हे. तेथे भाषेचा जो उपयोग होतो त्यात काही मूलभूत प्रश्न दडलेले असतात. प्रस्तुत लेखात अशा एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आजची मोटार हे केवळ इंजिन आणि चाके ह्यांचे यंत्र राहिलेले नाही. इंजिन, ब्रेक, गिअर, सुकाणू, चालकासमोरील मीटर, दारे व दिवे ह्या प्रत्येकाचा कारभार पाहणारा एकेक लहानसा संगणक तिच्यात असतो. व्यवहारात त्याला ‘मॉड्यूल’ म्हणतात. ही मॉड्यूले परस्परांना अखंड संदेश पाठवीत असतात. ही देवाणघेवाण खंडित झाली म्हणजे गॅरेजातील स्कॅनरवर एक सांकेतिक क्रमांक आणि त्याबरोबर एक वाक्य उमटते. ‘यू ०१२१’ हा क्रमांक असेल, तर वाक्याचा आशय असा : ब्रेकच्या मॉड्यूलाशी संपर्क तुटला. गॅरेजातील बोलीत ह्या वाक्याचे रूपांतर पुष्कळदा तत्काळ दुसऱ्या एका वाक्यात होते : ब्रेकचे मॉड्यूल गेले.

ही दोन वाक्ये समानार्थी नाहीत. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारल्याने सुस्थितीतील महागडे मॉड्यूल काढून टाकले जाते, नव्याची किंमत वाहनाच्या मालकावर पडते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. ब्रेकसारख्या यंत्रणेच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पैशाचाही उरत नाही. म्हणून ‘संपर्क तुटला’ हे वाक्य कोण उच्चारतो, कोणत्या आधारावर उच्चारतो आणि त्यावरून कोणते अनुमान न्याय्य ठरते, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

त्यासाठी प्रथम जाळ्याची रचना समजून घेतली पाहिजे. पूर्वी मोटारीतील प्रत्येक खुणेसाठी स्वतंत्र तार असे. विजेवर चालणाऱ्या सोयी वाढू लागल्या तशी तारांची मोळी जाड व जड होत गेली. हा भार कमी करण्यासाठी जर्मनीतील बॉश ह्या संस्थेने १९८३ साली एका सामाईक संदेशजाळ्याच्या रचनेस आरंभ केला. १९८६ साली डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या परिषदेत ते जाळे मांडण्यात आले आणि १९९३ साली ‘आय.एस.ओ. ११८९८’ ह्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा समावेश झाला. ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ असे त्याचे पूर्ण नाव असले, तरी ‘कॅन’ हेच संक्षिप्त नाव रूढ आहे.

ह्या जाळ्यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात आणि सर्व मॉड्यूले त्या एकाच जोडीला जोडलेली असतात. जाळे शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट दाब असतो. ‘शून्य’ हे चिन्ह पाठवावयाचे असेल तेव्हा एका तारेचा दाब सुमारे ३.५ व्होल्टपर्यंत चढतो व दुसरीचा सुमारे १.५ व्होल्टपर्यंत उतरतो. ‘एक’ पाठवावयाचा असेल तर दोन्ही तारा पूर्वस्थितीतच राहतात. अर्थ एका तारेच्या दाबात नाही, दोहोंमधील अंतरात आहे. भाषेतील चिन्हांचे मूल्य त्यांच्या परस्परभेदातून निष्पन्न होते, हा सोस्यूर ह्यांचा सिद्धान्त भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. त्याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडेल. बाहेरून विजेचा उपद्रव झाला तर तो दोन्ही तारांवर सारखाच होतो. त्यामुळे अंतर, आणि म्हणून अर्थ, अबाधित राहतो.

दोन मॉड्यूले एकाच क्षणी बोलू लागली तर काय होते? प्रत्येक मॉड्यूल बोलता बोलता तारेवर प्रत्यक्षात काय उमटते हेही ऐकत असते. ‘शून्य’ हे चिन्ह ‘एका’वर मात करते. आपण ‘एक’ पाठविला आणि तारेवर ‘शून्य’ उमटले असे ज्याला आढळते ते मॉड्यूल तेथेच थांबते. दुसऱ्याचे बोलणे मात्र एकही अक्षर न गमावता पुरे होते. प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याचा क्रमांक असतो आणि लहान क्रमांकाच्या संदेशाला अग्रमान मिळतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. हा क्रमांक संदेशाच्या विषयाचा असतो. संदेश कोणासाठी आहे हे त्यात सांगितलेले नसते आणि तो कोणी पाठविला हेही सांगितलेले नसते. हा व्यवहार पत्राचा नसून दवंडीचा आहे. ‘चाकांची गती अमुक आहे’ अशी दवंडी दर काही मिलिसेकंदांनी पिटली जाते. ज्याला त्या माहितीची गरज आहे तो ती घेतो, इतर सोडून देतात. ही दवंडी ब्रेकचे मॉड्यूल पिटते, हे ऐकणाऱ्याला संदेशातून कळत नाही. ते त्याच्या स्मृतीत कारखान्यातच नोंदवून ठेवलेले असते.

संदेशाच्या शेवटी पोच देण्यासाठी एक जागा मोकळी असते. ज्याने संदेश बिनचूक ऐकला असे कोणतेही मॉड्यूल त्या जागी ‘शून्य’ उमटविते. त्यामुळे आपले कोणीतरी ऐकले एवढे बोलणाऱ्याला कळते. ज्याने ऐकावयास हवे होते त्याने ऐकले की नाही, हे मात्र कळत नाही.

३

ह्या रचनेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात चुकांचा हिशेब ठेवण्याची व्यवस्था आहे. प्रत्येक मॉड्यूलाजवळ दोन गणक असतात. एक बोलण्यातील चुकांचा, दुसरा ऐकण्यातील चुकांचा. पाठविताना चूक झाली की पहिल्या गणकात सामान्यतः ८ ची भर पडते. संदेश बिनचूक गेला की १ वजा होतो. ऐकताना आढळलेल्या चुकीसाठी दुसऱ्या गणकात बहुधा १ ची भर पडते. दोहोंपैकी एखादा आकडा १२७ च्या पुढे गेला म्हणजे त्या मॉड्यूलाला इतरांच्या संदेशात हरकत घेण्याचा पूर्ण अधिकार उरत नाही. बोलण्यातील चुकांचा गणक २५५ च्या पुढे गेला तर ते मॉड्यूल स्वतःच जाळ्यातून बाजूला होते व बोलणे बंद करते. ठरावीक काळ जाळे शांत असल्याची खात्री पटल्यावर ते पुन्हा आत येऊ शकते.

ह्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मॉड्यूलाचे मौन हे त्याच्या मृत्यूचेच लक्षण असते असे नाही. फ्यूज उडाल्याने ते अचेतन असेल. तार तुटल्याने त्याचा आवाज पोहोचत नसेल. किंवा तारांतील उपद्रवामुळे चुका साठत जाऊन त्याने स्वतःहून मौन पत्करले असेल. दुसरी गोष्ट ह्याच्या उलट आहे. ज्याची जोडणी तुटल्यामुळे कोणीच पोच देत नाही असे एकाकी मॉड्यूल बाजूला होत नाही; ते तोच संदेश पुनःपुन्हा पाठवीत राहते आणि इतर सर्वच गप्प झाले आहेत असे समजते. बाहेरून पाहणाऱ्याला मौनाचे हे प्रकार एकसारखेच दिसतात.

४

आता मूळ वाक्याकडे वळू. मराठीत अनेक धातूंच्या अकर्मक-सकर्मक जोड्या आहेत : तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. ‘दोरी तुटली’ ह्या वाक्यात घटना सांगितली आहे, कर्ता सांगितलेला नाही. ‘त्याने दोरी तोडली’ ह्यात कर्ता आला. ‘ब्रेकच्या मॉड्यूलाशी संपर्क तुटला’ हे वाक्य पहिल्या जातीचे आहे. ते ऐकणारा मात्र नकळत रिकाम्या जागी कर्ता बसवितो, आणि वाक्यात ज्या एकाच मॉड्यूलाचे नाव आलेले असते त्याच्याकडे सहजच कर्तृत्व आणि दोष जातो. वस्तुतः वाक्यातील ‘शी’ हा प्रत्यय फक्त संबंधाचे दुसरे टोक दाखवितो. पहिल्या टोकाला कोण आहे, म्हणजे हे वाक्य कोण बोलतो आहे, हे वाक्यात येतच नाही.

बोलणारा असतो तो ऐकणारा. म्हणजे असे की, इंजिनाचे मॉड्यूल चाकांच्या गतीच्या दवंडीची वाट पाहत असते. ठरलेल्या मुदतीत ती आली नाही म्हणजे ते स्वतःच्या स्मृतीत ‘यू ०१२१’ अशी नोंद करते. त्याचा प्रत्यक्ष अनुभव इतकाच की अमुक क्रमांकाचा संदेश आला नाही. ब्रेकच्या मॉड्यूलाचे नाव हे त्याने आपल्या संग्रहातील माहितीवरून केलेले अनुमान होय.

बोलीभाषेत अशा ठिकाणी मराठी भाषक ‘म्हणे’ हा शब्द वापरतो. ‘पाहुणे आले’ आणि ‘पाहुणे आले म्हणे’ ह्या दोन वाक्यांत माहिती तीच आहे, तिची जबाबदारी मात्र वेगळी आहे. स्कॅनरवरील प्रत्येक संपर्कदोषाच्या पुढे हा अध्याहृत ‘म्हणे’ वाचला पाहिजे आणि लगेच विचारले पाहिजे : कोण म्हणते?

भारतीय तर्कपरंपरेने ह्या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केला आहे. एखादी वस्तू उपलब्ध न होणे ह्यावरून तिच्या अभावाचे ज्ञान होते. ह्यास भाट्ट मीमांसकांनी व अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धि’ असे स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु त्यास एक अट घातली. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही असे म्हणता येते. अंधारात दिसला नाही तर काहीच म्हणता येत नाही. हिलाच ‘योग्यानुपलब्धि’ म्हणतात. संदेशजाळ्याच्या निदानाचे सूत्र हेच आहे. ‘मला ऐकू आले नाही’ ही साक्ष तेव्हाच प्रमाण, जेव्हा साक्षीदाराची श्रवणशक्ती आणि मधला मार्ग शाबूत असल्याचे इतर पुराव्याने ठरते.

५

तेव्हा निदानाची पहिली पायरी म्हणजे एका मॉड्यूलाची नोंद वाचून थांबावयाचे नाही, तर सर्व मॉड्यूलांच्या नोंदी घेऊन साक्षींचा तक्ता मांडावयाचा. उभ्या रकान्यात तक्रार करणारा, आडव्या ओळीत ज्याच्याविषयी तक्रार आहे तो. प्रत्येक नोंद सध्याची आहे की जुनी, हेही लिहून ठेवावे. कारण बॅटरी क्षीण असताना इंजिन सुरू करताना दाब क्षणभर कोसळतो, अनेक मॉड्यूले एकदम मूक होतात आणि अशा नोंदींचा ढीग मागे राहतो. त्यांना आजच्या दोषाचा पुरावा मानता येत नाही. तक्ता तयार झाल्यावर त्याच्या आकृतीवरून पुढील दिशा मिळते.

सर्वांची तक्रार एकाविषयीच असेल आणि ते मॉड्यूल स्कॅनरलाही उत्तर देत नसेल, तर शोध त्याच्यापाशी सुरू करावा. तरीही ते बदलण्यापूर्वी त्याचा फ्यूज, वीजपुरवठा, अर्थिंग, कपलर आणि मुख्य जोडीपासून त्याच्यापर्यंत आलेली शाखा तपासणे आवश्यक आहे. कपलरात शिरलेले पावसाचे पाणी, गंजलेली पिन, उंदराने कुरतडलेली तार ह्यांपैकी कोणतेही कारण हाच तक्ता निर्माण करील.

एकाच मॉड्यूलाची तक्रार सर्वांविषयी असेल आणि इतरांचे परस्परांत ठीक चालले असेल, तर दोष तक्रार करणाऱ्याच्या कानात आहे, किंवा त्याच्या शाखेत आहे.

मॉड्यूलांचे दोन गट पडले असतील, म्हणजे एका गटातील प्रत्येकजण दुसऱ्या गटातील प्रत्येकाविषयी तक्रार करीत असेल, तर मुख्य जोडी मध्येच तुटली असण्याचा संभव आहे. जेथे दोन जाळी गेटवे नावाच्या दुभाषी मॉड्यूलाने जोडलेली असतात तेथे ह्याच आकृतीचा अर्थ गेटवेतील दोष असाही होऊ शकतो.

एकानेच एकाविषयी तक्रार केली असेल, आणि ज्याच्याविषयी ती आहे ते स्कॅनरशी व्यवस्थित बोलत असेल, तर ‘मॉड्यूल गेले’ हा निष्कर्ष जवळजवळ निकालात निघतो.

स्कॅनरचे विचारणे हाही भाषिक दृष्टीने कुतूहलाचा भाग आहे. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात रोमान याकोबसन ह्यांनी भाषेची सहा कार्ये सांगितली. त्यांत केवळ संपर्क टिकविण्याचे कार्य त्यांनी वेगळे दाखविले. दूरध्वनीवरील ‘हॅलो, ऐकू येते ना?’ हे त्याचे उदाहरण. निदानासाठी ठरविलेल्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत ‘टेस्टर प्रेझेंट’ नावाचा असाच एक संदेश आहे. त्यातून काहीही मागितले जात नाही; तपासणारा अजून येथेच आहे, एवढेच कळविले जाते.

६

सर्वच मॉड्यूले मूक असतील तर तक्ता तयारच होत नाही. अशा वेळी साक्षी बाजूस ठेवून मापनाकडे वळावे लागते. चालकाच्या पायांच्या वरच्या बाजूस सोळा पिनांचे निदान-सॉकेट असते. त्यातील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिना कॅनच्या दोन तारांसाठी, ४ आणि ५ अर्थिंगसाठी व १६ बॅटरीच्या धन टोकासाठी ठरविलेल्या आहेत.

मुख्य जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. दोन्ही समांतर असल्याने बॅटरी सोडवून ६ व १४ ह्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला असता सुमारे ६० ओहम हे माप आले पाहिजे. ते १२० आले तर एक टोक तुटलेले आहे. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही तारा कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. बॅटरी जोडून चावी फिरविल्यावर एका तारेवर २.५ व्होल्टहून किंचित अधिक व दुसरीवर किंचित कमी अशी सरासरी दिसावयास हवी. एखादी तार शून्यावर असेल तर ती अर्थला चिकटली आहे. बॅटरीइतका दाब दाखवीत असेल तर धन तारेला.

मापनालाही मर्यादा आहेत, हे विसरता कामा नये. साठ ओहम हे माप मुख्य जोडी अखंड असल्याची साक्ष देते; एखाद्या मॉड्यूलाकडे जाणारी शाखा तुटली असली तरी ते माप बदलत नाही. पुष्कळ नव्या वाहनांत सॉकेटच्या ह्या पिना केवळ गेटवेपर्यंतच जातात. तेथे घेतलेले माप त्या एका तुकड्यापुरतेच खरे असते. म्हणजे उपकरणाचे वाक्यही ‘कोठून पाहिले’ हे जोडल्याशिवाय पुरे होत नाही.

तारा ठीक असूनही जाळे बंद असेल, तर एखादे मॉड्यूल स्वतःच्या दोषाने सर्वांचे बोलणे बिघडवीत असण्याचा संभव उरतो. मॉड्यूलांचे कपलर एकेक करून काढीत जावे; ज्याच्या निघण्याने इतरांचे बोलणे पूर्ववत सुरू होते, त्याच्यावर किंवा त्याच्या शाखेवर संशय स्थिर होतो. मात्र जे मॉड्यूल टोकाचा रोध पोटात बाळगून असते ते काढल्यास माप १२० होणारच, हे ध्यानात ठेवावे. ह्या क्रमाच्या अगदी शेवटी मॉड्यूल बदलण्याचा प्रश्न येतो. तेव्हाही नव्या मॉड्यूलाला पुष्कळदा त्या वाहनाची माहिती शिकवावी लागते. ती न शिकविल्यास निर्दोष मॉड्यूलाविषयीही नव्या तक्रारी सुरू होतात.

७

ह्या सर्व विवेचनातून परिभाषेसंबंधी एक निश्चित सूचना पुढे येते. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने मराठी परिभाषेचे मोठे कार्य केले. तथापि परिभाषेचा विचार आजवर प्रामुख्याने शब्दाच्या पातळीवर झाला आहे. येथे दोष शब्दाचा नाही. ‘संपर्क’ हा शब्द योग्य आहे आणि ‘तुटणे’ हेही. उणीव वाक्याच्या घडणीत आहे. इंग्रजीतील मूळ वाक्याचा शब्दशः अर्थ ‘संपर्क गमावला’ असा आहे. त्यात गमावणारा, म्हणजे ऐकणारा, निदान अध्याहृत तरी आहे. मराठीत ‘संपर्क तुटला’ असे म्हणताच तोही लोपतो.

वस्तुतः अनुभव घेणाऱ्याला वाक्यात स्थान देण्याची अतिशय सोयीची रचना मराठीजवळ आहे. ‘मला ऐकू आले नाही’, ‘त्याला दिसत नाही’ ह्या वाक्यांत चतुर्थ्यन्त पद अनुभवणाऱ्याचे असते, आणि वाक्य अभावाविषयी बोलत असतानाच तो अभाव कोणाला जाणवला हेही सांगते. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या पाठ्यपुस्तकांत आणि कार्यपत्रिकांत ही नोंद ‘ब्रेकच्या मॉड्यूलाशी संपर्क तुटला’ अशी न लिहिता ‘इंजिनाच्या मॉड्यूलाला ब्रेकच्या मॉड्यूलाचा संदेश मिळाला नाही’ अशी लिहावी. हे वाक्य तीन शब्दांनी लांब आहे. परंतु त्यात साक्षीदार, ज्याच्याविषयी साक्ष आहे तो, आणि साक्षीची मर्यादा ही तिन्ही आली आहेत. असे वाक्य वाचणारा विद्यार्थी दुसऱ्या मॉड्यूलाला काय मिळाले, असा पुढचा प्रश्न आपोआप विचारील, आणि त्याच्या हातून साक्षींचा तक्ता तयार होऊ लागेल.